मुस्लिम शिक्षणसंस्थांचा जमाखर्च

ऑक्टोबर २०२४ मध्ये, विधानसभेच्या निवडणुका जाहीर होण्यास अवघे काही दिवस उरले असता, महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने डॉ. झाकीर हुसेन मदरसा आधुनिकीकरण योजनेखाली काम करणाऱ्या शिक्षकांचे मानधन वाढविले. डी.एड. झालेल्या शिक्षकास दरमहा ६ हजार रुपये मिळत, ते १६ हजार झाले; बी.एड. झालेल्यास ८ हजार मिळत, ते १८ हजार झाले. या निर्णयावर जी चर्चा झाली ती ठराविक वळणाची होती. एका बाजूने लांगूलचालनाचा आरोप झाला. दुसऱ्या बाजूने, मतांसाठी आलेला हा उमाळा मतदान आटोपताच आटेल असे भाकीत झाले. परंतु सहा हजार रुपयांत इतकी वर्षे कोणत्या तोलाचा गणिताचा शिक्षक मिळत होता, त्याने शिकविलेल्या मुलाला त्रैराशिक येते की नाही, आणि आता सोळा हजार दिल्यावर ते येईल याची तजवीज कोणी केली आहे, हे विचारण्याची तसदी कोणी घेतली नाही. पैसा किती दिला यावर आपल्याकडे रणे माजतात. तो कोठे मुरला हे पाहण्याची वेळ आली की सभा पांगते.

मुस्लिम समाजाने चालविलेल्या शाळा, महाविद्यालये आणि मदरसे यांचा पैसा व त्यांतील शिक्षणाची प्रत हे दोन प्रश्न वेगळे आहेत असे मानले जाते. पैशाचा प्रश्न संस्थाचालकांनी सोडवावा, प्रतीचा प्रश्न मुख्याध्यापकांनी पाहावा, अशी ही वाटणी. आमच्या मते ही वाटणीच या संस्थांच्या दुखण्याचे मूळ आहे. संस्थेचा पैसा कोणत्या वाटेने येतो आणि कोणाच्या नजरेखालून जातो यावरच तिच्या वर्गात कोण उभा राहतो हे ठरते. ज्या संस्थेची वही झाकलेली असते तिचा फळाही फार काळ स्वच्छ राहत नाही.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. मुस्लिम शिक्षण म्हटले की धरमपेठ-रामदासपेठेतील वाचकाच्या डोळ्यांपुढे मदरसा उभा राहतो. न्यायमूर्ती राजिंदर सच्चर समितीने २००६ च्या अहवालात दाखवून दिले की शाळेच्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी मदरशांत जाणारी मुले शेकडा तीन-चारांहून अधिक नाहीत. मोहल्ल्याच्या मशिदीत सकाळी किंवा सायंकाळी तासभर कुराण वाचावयास जाणारे मूल मकतबात जाते. ते दिवसा महापालिकेच्या अथवा एखाद्या अंजुमनच्या शाळेतच बसलेले असते. मकतब आणि मदरसा यांची गल्लत करून पुष्कळ लेख लिहिले गेले आहेत आणि त्याहून अधिक भाषणे झाली आहेत. नागपुरातील मोमिनपुरा, हंसापुरी, टेका, ताजबाग, सदर, जाफरनगर, आणि नागपूरच्या कुशीतील कामठी या वस्त्यांमधल्या मुलांचे भवितव्य मुख्यत्वे ठरते ते उर्दू माध्यमाच्या अनुदानित शाळांत, महापालिकेच्या उर्दू शाळांत, आणि अलीकडे गल्लोगल्ली निघालेल्या स्वयंअर्थसहाय्यित इंग्रजी शाळांत.

या वस्त्यांची घडण ज्यांना ठाऊक आहे त्यांना या शाळांचे मोल निराळे सांगावयास नको. उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या मोमीन विणकरांनी कामठी आणि नागपूर येथे हातमाग मांडले. १८७७ मध्ये एम्प्रेस मिल सुरू झाल्यावर गिरणीची नोकरी ही अनेक घरांची मिरास झाली. आज ती गिरणी नाही, आणि हातमागावर घर चालत नाही. बापाचा धंदा मुलाला देता येत नाही अशा घरात शाळा हीच एकमेव वडिलार्जित इस्टेट उरते. ती कशी चालते हा त्या घराच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे.

मदरशांपासून आरंभ करू, कारण त्यांचा जमाखर्च सर्वांत कमी समजून घेतला जातो. मदरसा चालतो तो मुख्यतः जकातीवर. संपन्न मुसलमानाने आपल्या शिलकी संपत्तीचा चाळिसावा हिस्सा, म्हणजे शेकडा अडीच, दरवर्षी गरजूंना द्यावा हा धर्माचा दंडक. परंतु हनफी धर्मशास्त्राप्रमाणे जकातीची रक्कम गरिबाच्या मालकीची झाली पाहिजे. ती विद्यार्थ्याच्या जेवणावर, कपड्यांवर खर्च करता येते. शिक्षकाचा पगार देण्यास अथवा इमारत बांधण्यास थेट वापरता येत नाही. पगारासाठी ऐच्छिक देणग्या निराळ्या गोळा कराव्या लागतात, आणि त्या नेहमीच तोकड्या पडतात. मग काही ठिकाणी जकात आधी गरीब विद्यार्थ्याच्या हाती ठेवून त्याच्याकडून ती संस्थेला अर्पण करवून घेण्याची पळवाट काढली जाते. धर्मपंडितांतही या पळवाटेविषयी एकमत नाही. परिणाम असा की अन्नछत्र भरलेले आणि शिक्षक अर्धपोटी, असे विचित्र दृश्य दिसते. मदरशातील शिक्षक दरिद्री का, या प्रश्नाचे निम्मे उत्तर या खातेवाटणीत आहे.

यातील बराचसा पैसा रमझानच्या एका महिन्यात येतो. सफीर म्हणून ओळखले जाणारे वसुली प्रतिनिधी पावतीपुस्तके घेऊन मुंबई, सुरत, हैदराबाद अशा व्यापारी शहरांत फिरतात. काही संस्था त्यांना वसुलीचा हिस्सा मेहनताना म्हणून देतात, आणि तो हिस्सा किती असावा यावर उलेमांमध्ये वाद होत आले आहेत. बकरी ईदच्या कातड्यांची विक्री हे दुसरे मोठे साधन होते. गेल्या दहाएक वर्षांत कातड्यांचे भाव इतके कोसळले की ती गोळा करण्याचा खर्चही अंगावर येऊ लागला. २०२० चा रमझान टाळेबंदीत गेला, सफीर घराबाहेर पडू शकले नाहीत, आणि ज्या संस्थांजवळ दोन महिन्यांची शिल्लक नव्हती त्यांच्या शिक्षकांची उपासमार झाली. वर्षभराचा खर्च एका महिन्याच्या चंद्यावर टांगून ठेवणारी व्यवस्था ही व्यवस्थाच नव्हे.

याचा अर्थ ही परंपरा हिशेबाला पारखी आहे असा मात्र नाही. १८६६ मध्ये देवबंद येथे दारुल उलूमची स्थापना झाली तेव्हा मौलाना कासिम नानौतवी यांनी संस्थेसाठी आठ नियम घालून दिले. जहागीर, कारखाना, सरकारी मदत किंवा बड्या धनिकाचे आश्वासन यांवर विसंबू नये. सामान्य माणसांच्या लहान लहान देणग्यांवर संस्था चालवावी. उत्पन्नाची शाश्वती आली की ईश्वरावरचा भरवसा सुटतो आणि चालकांत तंटे लागतात, असा त्या नियमांचा आशय आहे. हे अर्थशास्त्र आजच्या कोणत्याही हिशेबतपासनिसाला धक्का देणारे आहे. पण त्यास एक जोडकाम होते, आणि ते आम्हांस फार महत्त्वाचे वाटते. देवबंदने आरंभापासून आपला वार्षिक अहवाल छापला. कोणी किती दिले, अगदी कोणी धान्य दिले, कोणी पुस्तक दिले, याची नोंद त्यात असे. ज्याने चार आणे दिले त्याचेही नाव छापून येई. लहान देणगीदारांवर चालणाऱ्या संस्थेला हिशेब छापण्यावाचून गत्यंतरच नव्हते. तीच तिची पत होती. तेव्हा मदरशांनी आपला जमाखर्च लोकांपुढे मांडावा असे आम्ही म्हणतो तेव्हा त्यांच्यावर काही परके लादीत नाही. ज्या मोहतमीमाला ही सूचना उपमर्द वाटते त्याने आपल्याच गुरुकुलाचे जुने अहवाल उघडून पाहावेत.

अनुदानित शाळांचे दुखणे निराळे, आणि आमच्या दृष्टीने अधिक गंभीर आहे. येथे शिक्षकाचे वेतन सरकारी कोषागारातून थेट त्याच्या बँकखात्यात जमा होते, म्हणजे संस्थेपुढे पगाराचा प्रश्न नाही. प्रश्न आहे तो बाकी सर्व खर्चाचा. विजेचे देयक, प्रयोगशाळेतील रसायने, गळके छप्पर, मुलींसाठी स्वच्छतागृह. यासाठी मिळावयाचे वेतनेतर अनुदान अपुरे असते आणि वेळेवर येत नाही. गरीब वस्तीतील शाळेला पालकांकडून फी मागता येत नाही. अशा वेळी संस्थेपाशी विकण्याजोगी एकच वस्तू उरते, ती म्हणजे शिक्षकाची नेमणूक. अल्पसंख्याक संस्थांना शिक्षक निवडण्याचे स्वातंत्र्य अधिक असल्यामुळे हा मोहही अधिक असतो. एका सरकारी वेतनश्रेणीतील जागेसाठी उमेदवाराचे घर शेत विकते, दागिने मोडते, आणि ती रक्कम 'देणगी' या नावाने कोणत्याही पावतीपुस्तकात न शिरता नाहीशी होते. हा रोग कोण्या एका धर्माच्या संस्थांचा नव्हे हे येथे बजावून सांगितले पाहिजे. २०२५ मध्ये आमच्याच नागपूर विभागात शालार्थ प्रणालीतील बनावट ओळख-क्रमांकांचे जे प्रकरण उघडकीस आले आणि ज्यात शिक्षण खात्यातील अधिकाऱ्यांनाही अटक झाली, त्याने या बाजाराची व्याप्ती साऱ्या महाराष्ट्राला दाखविली.

प्रस्तुत लेखकाने संपादकाच्या खुर्चीवर येण्यापूर्वी काही वर्षे खडू हाती धरला आहे. एका संस्थेत, आणि ती मुस्लिम संस्था नव्हती, पूर्ण वेतनाच्या पावतीवर सही करावयाची आणि त्यातील ठराविक रक्कम त्याच टेबलावर इमारत निधी म्हणून परत ठेवावयाची असा रिवाज होता. त्या रिवाजाचा हिशेब रुपयांत मांडणे सोपे आहे. वर्गातील हिशेब कठीण. सकाळी टेबलावर नोटा परत ठेवलेला शिक्षक दुपारी मुख्याध्यापकांस असे सांगत नाही की दहावीच्या वर्गात ऐंशी मुले कोंबली आहेत आणि प्रयोगशाळेला कुलूप आहे. त्याची मान एकदा खाली गेलेली असते. पुढे तो तासाला उशिरा येऊ लागतो, आणि मुख्याध्यापकही त्याला काही बोलू शकत नाहीत, कारण तेही त्याच दारातून आलेले असतात.

व्यावसायिक महाविद्यालयांबद्दल थोडेच बोलतो, कारण त्यांची कथा सर्वपरिचित आहे. मुस्लिम समाजात उच्चशिक्षणाची भूक मोठी आहे आणि ती भागविण्याचे प्रयत्नही मोठे आहेत. मुंबईत बद्रुद्दीन तैयबजी आणि त्यांचे सहकारी यांनी १८७४ मध्ये अंजुमन-ए-इस्लाम स्थापिली, आणि तिची पहिली शाळा १८८० मध्ये निघाली. १९६३ मध्ये रफीक झकारिया यांनी तेव्हाच्या औरंगाबादेत मौलाना आझाद महाविद्यालय काढले. पुण्याच्या लष्कर भागातील आझम कॅम्पस बालवर्गापासून दंतवैद्यकापर्यंत विस्तारला आहे, आणि आमच्या सदर भागात अंजुमन हामी-ए-इस्लामने १९९९ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय उभे केले. तरीही देशातील नामांकित महाविद्यालयांत पदवीच्या पंचवीस विद्यार्थ्यांमागे एक आणि पदव्युत्तर पन्नासांमागे एक एवढेच मुस्लिम विद्यार्थी सच्चर समितीस आढळले होते. खाजगी व्यावसायिक महाविद्यालयांची सर्वसाधारण रीत, मग ती कोणाचीही असोत, अशी झाली आहे की पहिला पैसा कमानीला जातो, दुसरा सभागृहाला, आणि उरला तर अध्यापकाला. त्यातच सरकारकडून शिष्यवृत्तीपोटी यावयाची फी महिनोन् महिने येत नाही, आणि तेवढे महिने अध्यापकाचा पगारही येत नाही. इमारतीवर देणगीदाराचे नाव कोरता येते, चांगल्या शिकविलेल्या तासावर कोरता येत नाही. देणगीचा ओघ कोणीकडे वाहतो हे यावरून कळावे.

या प्रश्नाचा आपल्या प्रांताशी असलेला जुना संबंध येथे आठवतो. १९३७ नंतर मध्यप्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले असता पं. रविशंकर शुक्ल यांनी विद्यामंदिर योजना पुढे मांडली. खेड्यातील शाळेला लोकांनी जमीन दान द्यावी आणि त्या जमिनीच्या उत्पन्नावर शाळा व शिक्षक यांचा निर्वाह व्हावा, अशी ती कल्पना होती. मुस्लिम लीगने 'मंदिर' या नावावर हरकत घेतली, वातावरण तापले, आणि नागपूरच्या राजकारणात तो एक कडवट विषय होऊन बसला. त्या गदारोळात कोणाच्या ध्यानी आले नाही की ज्या योजनेला मंदिर म्हणून विरोध होत होता, तिचा आर्थिक गाभा वक्फचाच होता. जमीन दान द्यावयाची, ती पुन्हा विकावयाची नाही, आणि तिच्या उत्पन्नावर विद्यादान चालवावयाचे, याहून वक्फ निराळा तो काय? भांडण नावावरून झाले, आणि शाळेला शाश्वत उत्पन्न कसे मिळवून द्यावे ही त्यातली विचार करण्याजोगी गोष्ट बाजूस पडली. दोन्ही बाजूंची ती सवय अजून गेलेली नाही.

त्याच सुमारास, ऑक्टोबर १९३७ मध्ये, नागपूरपासून दोन तासांच्या अंतरावर वर्ध्यास महात्माजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली, आणि बुनियादी शिक्षणाचा आराखडा तयार करण्याचे काम ज्या समितीकडे आले तिचे अध्यक्ष होते डॉ. झाकीर हुसेन. विद्यार्थ्यांच्या हस्तव्यवसायातून शिक्षकाचा पगार निघावा अशी महात्माजींची अपेक्षा होती. कमाईच्या अंगावर भर देता देता शिक्षणाचे सांस्कृतिक आणि शैक्षणिक उद्दिष्ट बळी पडू नये, असा इशारा समितीने आपल्या अहवालात देऊन ठेवला. हे लिहिणारा माणूस पैशाची टंचाई पुस्तकांतून शिकलेला नव्हता. १९२० मध्ये अलीगढ येथे जन्मलेली जामिया मिल्लिया खिलाफत चळवळ ओसरताच उघडी पडली. १९२५ मध्ये ती दिल्लीस हलली. १९२७ च्या अखेरीस तिचा भार वाहणारे हकीम अजमल खान निवर्तले. त्यानंतर झाकीर हुसेन आणि त्यांच्या सहकारी अध्यापकांनी वीस वर्षे जामियाची सेवा करण्याची आणि दरमहा दीडशे रुपयांहून अधिक वेतन न घेण्याची प्रतिज्ञा केली. जोडीला 'हमदर्दाने जामिया' नावाचे हितचिंतकांचे मंडळ उभे करून गावोगावच्या लहान वर्गणीदारांची साखळी बांधली.

आजच्या शिक्षकाने दीडशे रुपयांत राबावे असे आम्ही सुचवीत नाही. असा त्याग इतरांकडून मागणे हा उद्धटपणा होय. जामियाच्या उदाहरणातले लक्षात घेण्याजोगे ते दुसरेच आहे. तेथे संस्था चालविणारा आणि वर्गात शिकविणारा हे एकच होते. पैशाची तंगी कोणाला किती सोसावी लागते हे सर्वांना दिसत होते. आज आपल्या बहुतेक शिक्षणसंस्थांत विश्वस्त एकीकडे आणि शिक्षक दुसरीकडे, आणि विश्वस्तपद बापाकडून मुलाकडे सातबाऱ्यासारखे उतरते. जावा बेटावरील गोंतोर येथील निवासी मदरसा तीन भावांनी १९२६ मध्ये काढला. मुस्लिम देशातील ही संस्था आपल्या संस्थापकांना 'त्रिमूर्ती' म्हणते, हे ऐकून नागपूरकरांना गंमत वाटेल. १९५८ मध्ये त्या तिघांनी संस्थेवरील आपल्या घराण्याचा हक्क सोडून ती वक्फ म्हणून पंधरा जणांच्या मंडळाच्या स्वाधीन केली. आज त्या संस्थेच्या शाखा देशभर आहेत. आमच्या शहरातील कोणत्याही शिक्षणसम्राटाने, तो कोणत्याही धर्माचा असो, एवढे केल्याचे आम्हांस आठवत नाही.

आता कायद्याकडे वळू. राज्यघटनेच्या ३० व्या अनुच्छेदाने अल्पसंख्याकांस आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालविण्याचा हक्क दिला आहे. हा हक्क आम्हांस मौल्यवान वाटतो, आणि तो काढून घेण्याच्या अधूनमधून होणाऱ्या मागण्यांशी आम्ही सहमत नाही. परंतु १९५८ मध्येच केरळ शिक्षण विधेयकावर मत देताना सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की कारभार करण्याच्या हक्कात गैरकारभाराचा हक्क अंतर्भूत होत नाही. २००२ च्या टी. एम. ए. पै निकालात अकरा न्यायाधीशांच्या पीठाने स्वायत्ततेची कक्षा विस्तृत केली, तरी दर्जासाठी वाजवी नियम करण्याचा शासनाचा अधिकार राखला. २०१४ मध्ये प्रमती खटल्यात अल्पसंख्याक शाळा शिक्षणहक्क कायद्याच्या बाहेर ठेवण्यात आल्या. आणि १ सप्टेंबर २०२५ रोजी महाराष्ट्रातून गेलेल्या अंजुमन इशाअत-ए-तालीम ट्रस्टच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने इतर शाळांतील शिक्षकांना पात्रता परीक्षा बंधनकारक ठरविली. ज्यांची सेवा पाच वर्षांहून अधिक उरली आहे त्यांनी दोन वर्षांत ती उत्तीर्ण व्हावे असे सांगितले. अल्पसंख्याक संस्थांना ती लागू होते का, हा प्रश्न मात्र प्रमती निकालाच्या फेरविचारासह मोठ्या पीठाकडे सोपविण्याचे ठरले.

या संदिग्धतेचा फायदा घेऊन स्वस्थ बसावे, असा मोह अनेक व्यवस्थापनांस होईल. त्यांनी तो टाळावा असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. आपल्या शिक्षकांनी पात्रता परीक्षा द्यावी, त्यासाठी संस्थेने रजा व पुस्तके पुरवावीत, आणि हे न्यायालयाने सांगण्यापूर्वी करावे. मोमिनपुऱ्यातील मुलीला शिकविणारा शिक्षक इतर शाळेतील शिक्षकापेक्षा कमी पात्र असला तरी चालेल, हा अल्पसंख्याकांचा हक्क कसा होऊ शकतो? ती मुलगीही अल्पसंख्याकच आहे, आणि त्या घटनेतील हक्क व्यवस्थापनाच्या आधी तिचा आहे.

हिशेबाच्या बाबतीत कायद्याची वाट पाहण्याचेही कारण नाही. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था म्हणून नोंदलेल्या प्रत्येक संस्थेला १९५० च्या कायद्यान्वये ३१ मार्च रोजी वही मिटवून ती तपासून घ्यावी लागते आणि धर्मादाय आयुक्तांकडे पाठवावी लागते. म्हणजे ताळेबंद तयार असतोच. तो फक्त कपाटात असतो. त्याची एक प्रत मराठीत व एक उर्दूत शाळेच्या फलकावर लावण्यास कागदाचे दोन ताव लागतात. शिक्षकांवर किती खर्च झाला, बांधकामावर किती, ग्रंथालयावर किती, देणगी किती आली आणि कोणत्या खात्यात पडली. जकातीचे खाते निराळे, पगाराचे निराळे, आणि दोहोंतून उसनवारी झाली असल्यास तीही लिहिलेली. पुढे जाऊन ज्या संस्था तीन महिन्यांच्या पगाराइतकी गंगाजळी बाजूला ठेवतील त्यांना सरकारी दिरंगाईच्या वेळी शिक्षकांपुढे हात जोडावे लागणार नाहीत. आणि नेमणुकीच्या मुलाखतीत बाहेरचा एक विषयतज्ज्ञ बसला, उमेदवाराने प्रत्यक्ष वर्गावर एक पाठ घेऊन दाखविला, तर पावतीविना येणाऱ्या देणगीचा अर्धा बाजार आपोआप बसेल.

वक्फच्या मालमत्तेचे काय, असा प्रश्न येथे विचारला जाईल, आणि तो योग्यच आहे. सच्चर समितीने देशातील नोंदणीकृत वक्फ मालमत्ता ४ लाख ९० हजारांवर असल्याचे नमूद केले; त्यांची बाजारातील किंमत १ लाख २० हजार कोटी रुपयांच्या घरात, आणि वार्षिक उत्पन्न मात्र अवघे १६३ कोटी. शेकडा दहा टक्के परतावा मिळाला असता तर १२ हजार कोटी आले असते, असा समितीचा हिशेब होता. मोक्याच्या जागेवरील दुकान पूर्वापार भाड्याने चालू राहते आणि त्याच्याच मागच्या गल्लीतील शाळेला पंखे नसतात. २०२५ च्या दुरुस्ती कायद्याने वक्फ मंडळाला द्यावयाचा वार्षिक हिस्सा शेकडा सातावरून पाचावर आणला. कायद्याच्या काही कलमांना सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षीच्या सप्टेंबरात अंतरिम स्थगिती दिली. त्या कायद्याच्या हेतूंविषयी मुस्लिम समाजात दाट संशय आहे आणि तो सर्वस्वी निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु जुन्या भाडेपट्ट्यांचे लाभार्थी कोण आहेत याची यादी समाजानेच एकदा वाचून काढावी. तीत परकी नावे पुष्कळ असतील. सर्वच परकी असतील असे मात्र नाही.

सरकारलाही दोन शब्द ऐकविले पाहिजेत. मदरशांतील आधुनिक विषयांसाठी केंद्राची जी योजना होती ती मार्च २०२२ पर्यंतच चालली. २०२२-२३ पासून अल्पसंख्याकांची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती नववी-दहावीपुरती राहिली. संशोधनासाठीची मौलाना आझाद पाठ्यवृत्ती त्याच वर्षी बंद झाली, आणि १९८९ पासून चालत आलेले मौलाना आझाद प्रतिष्ठान २०२४ मध्ये गुंडाळण्याचा आदेश निघाला. एका हाताने आधार काढून घ्यावयाचा आणि दुसऱ्या हाताने गुणवत्तेची छडी उगारावयाची, यास शैक्षणिक धोरण म्हणता येत नाही. जे शासन आपल्या शाळांकडून वेळेवर ताळेबंद मागते त्याने वेतनेतर अनुदान आणि शिष्यवृत्तीची रक्कमही ठरल्या तारखेस दिली पाहिजे. मदरशातील शिक्षकांच्या मानधनात वाढ करून सरकार थांबले. त्यांच्या प्रशिक्षणाची, आणि मुलांना काय आले हे पाहण्याची, सोय मागाहूनही दिसलेली नाही.

आमच्या बहुसंख्य वाचकांची मुले या शाळांत जात नाहीत. पण त्यांतील शिक्षकांचे वेतन आपणां सर्वांच्या करातून जाते, आणि महाराष्ट्राच्या लोकसंख्येचा नववा हिस्सा असलेल्या समाजातील मुले मराठी कशी शिकतात हे मराठी वृत्तपत्राच्या वाचकाला परके वाटू नये. २०२० च्या कायद्याने सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली. उर्दू शाळेत ती शिकविण्यास उत्तम शिक्षक आहे का, हे मराठीचा अभिमान मिरविणाऱ्या आपल्या संस्थांनी कधी जाऊन पाहिले आहे? विदर्भ साहित्य संघाच्या सभागृहापासून मोमिनपुरा काही फार दूर नाही. निवृत्त झालेले मराठीचे आणि गणिताचे शिक्षक या शहरात शेकड्यांनी आहेत. त्यांतील वीस जणांनी आठवड्यातून दोन तास तिकडे दिले, आणि संस्थांनी त्यांना संशयाने न पाहता आत घेतले, तर या विषयावर होणाऱ्या परिसंवादांपेक्षा ते अधिक उपयोगाचे होईल.

विदर्भातील शाळा उन्हामुळे जूनच्या उत्तरार्धात उघडतात. ३१ मार्चला वही मिटते. मधल्या तीन महिन्यांत कोणत्याही संस्थेचा ताळेबंद दोन भाषांत लिहून होतो. शाळा उघडेल त्या दिवशी नागपूर-कामठीतील ज्या ज्या मुस्लिम शिक्षणसंस्थेच्या फलकावर तो लागेल, तिचे नाव आणि तिचे आकडे आम्ही याच पानावर, कोणतीही टीका न जोडता, छापू. इतर धर्मांच्या संस्थांनी तसे केल्यास त्यांनाही जागा कमी पडणार नाही.